लेकीच्या हॉटेलातली पाटवडी

मुलगी इंग्लंडात राहते आणि आपण तिच्याकडे जाऊन आलो, एवढ्यावरून कॉलनीतल्या लोकांनी मला तिकडचा जाणकार करून टाकलं आहे. ज्याचं कोणी तिकडे निघतं तो संध्याकाळी येऊन बसतो. "भाऊ, ते खेड्यांमधले बडे बडे होटल तुम्ही पाहून आले न? जाण्यासारखं कोणतं आहे?" मी म्हणतो, एकही नाही. त्यांना वाटतं म्हातारा थट्टा करून राहिला.

जाण्यासारखी तशी आहेत. पण मला त्यांची आठवणच नको वाटते.

मुलगी जबलपूरहून हॉटेलाचं शिक्षण घेऊन गेली आणि इंग्लंडच्या उत्तरेला, डोंगराळ भागातल्या एका गावात नामांकित हॉटेलात स्वयंपाक करते. आम्ही गेलो तेव्हा तिने ठरवलं, की आईबाबांना तिचं काम समजलं पाहिजे. त्यासाठी आधी दुसऱ्यांच्या दोन हॉटेलांत नेलं. रस्ते इतके अरुंद, की समोरून मेंढ्या आल्या तर गाडीनेच मागे सरायचं. पहिलं हॉटेल जुन्या पिठाच्या गिरणीत होतं. परातीएवढी ताटली आली आणि तिच्या मधोमध एक गाजर. गवतात भाजलेलं. वाढणाऱ्याने त्या गाजराची जन्मापासूनची हकिगत सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगितली, आणि तोवर ते निवलं. गावी मझौलीला आमचे काका शेतात ओला हरभरा असाच भाजायचे, पण त्यांनी कधी कथा लावली नाही. गाजर चवीला उत्तम होतं, हे कबूल करणं जिवावर येतं. दुसरं हॉटेल एका दारूच्या गुत्त्याच्या माडीवर होतं. तिथे ताटल्यांमागून ताटल्या येत राहिल्या, आणि घरी येऊन बायकोने पोहे टाकले.

तिसरं मुलीचं. तिथल्या मुख्य आचाऱ्याने तिला एक संध्याकाळ दिली होती. तिने स्वतःचा एक पदार्थ करायचा, तो आवडला तर तिथल्या जेवणात कायमचा येणार. एवढ्यासाठी पोरगी कित्येक वर्षं कांदे चिरत होती. तिने आमची पाटवडी रस्सा निवडली. निघताना तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा, तो परत आलेल्या ताटल्या पाहतो. विचारत नाही कोणाला, फक्त ताटल्या पाहतो. काही उरवू नका, बस."

मी बायकोला गाडीत एवढंच सांगितलं, काही उरवू नको. हॉटेलाच्या दारात पुन्हा सांगितलं. "मी काय लहान आहे?" ती म्हणाली.

शेवटाकडे पाटवडी आली. प्रत्येकी नीट कापलेल्या चार वड्या, आणि वाढणाऱ्याने किटलीतून वर रस्सा ओतला. पहिला घास घेताच बायकोचे डोळे भरले. "आपल्यासारखीच झाली हो," ती म्हणाली. तिने दोन वड्या खाल्ल्या आणि उरलेल्या दोन चमच्याने कडेला सारल्या.

"काय करून राहिली?" मी विचारलं.

"पोरीसाठी ठेवल्या. सकाळपासून उभी आहे, काही खाल्लं नसंन तिनं."

"अगं, तीच शिजवून राहिली आत. तिथं पातेलंभर आहे."

"शिजवणारीच्या वाट्याला काय येते, ते मला नका सांगू."

आमच्या घरात ही जुनी खोड आहे. न आवडलेलं मुकाट संपवायचं, आणि आवडलेलं अर्धं वाटीखाली झाकून ठेवायचं, जो पानावर नाही त्याच्यासाठी. माझी आई तेच करायची, बायको तेच करते. पण ते जबलपूरच्या स्वयंपाकघरात. मी त्या दोन वड्या स्वतःच उचलायला गेलो, तर तिने माझ्या हातावर चापट मारली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आमच्याकडे पाहिलं, आणि मी हात मांडीवर ठेवून बसलो. तेवढ्यात वाढणारा आला. बायकोने हसून ताटलीकडे बोट दाखवलं, मग आतल्या दाराकडे, आणि म्हणाली, "डॉटर." तोही हसला आणि ताटली घेऊन गेला.

जेवणं उरकल्यावर मुलगी पांढऱ्या कोटात बाहेर आली. बायकोने तिचा हात धरला. "मिळाल्या का वड्या?"

मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं. "मिळाल्या, आई."

दुसऱ्या दिवशी बायको अंघोळीला गेली तेव्हा मुलीने मला सांगितलं. बाकी सगळ्या टेबलांवरून ताटल्या पुसून आल्या होत्या. अर्धी परत आली ती आमची, आणि ते टेबल तिच्या आईवडिलांचं आहे हे आचाऱ्याला माहीत होतं. तिने त्याला समजावून पाहिलं, की आमच्याकडे आई असं ठेवते. तो म्हणाला, आवडलेलं कोणी मागे ठेवत नाही. पाटवडी तिथेच संपली.

"आईला सांगू नका," मुलगी म्हणाली.

मला इतका संताप आला होता, की तेव्हाच न्हाणीघराचं दार वाजवून सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. आता बायको नर्मदेच्या ग्वारीघाटावर फुलं घेतानासुद्धा माळिणीला सांगते, "हमारी बेटी की वड़ी वहाँ के साहब लोग खाते हैं." मी पुढे चालू लागतो.

गेल्या रविवारी मुलीचा फोन आला. बायकोने विचारलं, "वडी चालू आहे न तुझी?"

"आहे न, आई."

"लोक खातात?"

"खातात."

"अच्छा, चलो. आणि तुझ्यासाठी उरते का त्यातली? का सगळी त्यांनाच घालून राहिली?"

पलीकडून उत्तर आलं नाही. बायको म्हणाली, "बाबांशी बोल, माझी डाळ लागून राहिली," आणि फोन माझ्या हातात देऊन आत गेली. मुलगी रडत होती. मला तिच्या आईचा पुन्हा राग आला, पण या वेळी ओरडायचं काय म्हणून, तेच सुचेना.