बिबट्या नसलेला पत्रा

अवसरी बुद्रुकच्या साळुबाईला बिबट्यानं काहीच केलं नाही. साधं नखही लागलं नाही. पंचाईत झाली ती त्यामुळंच.

दोन वर्षांपूर्वीच्या कार्तिकात, दुपारी चारच्या सुमारास, ती उसाच्या कडेनं बांधावरचं गवत कापत होती. मूठ भरली म्हणून मान वर केली, तर तीन हातांवर तो बसलेला. तिच्याकडे बघत होता. किती वेळ ते तिला सांगता येत नाही. मग तो उठला आणि उसात शिरला. ती चालत घरी आली, अंगणात बसली आणि सुनेला, वृषालीला, एवढंच म्हणाली, की बिबट्या दिसला.

अंधार पडायच्या आत अंगण माणसांनी भरलं. जो तो विचारी, काय झालं? साळुबाई सांगायला लागे आणि मध्येच थांबे. मंचरहून आलेल्या एका बातमीदारानं तिच्यासमोर मोबाइल धरला, तेव्हा "लई भ्या वाटलं," असं ती म्हणाली. ती बातमी सगळ्यांच्या फोनवर फिरली. आपलंच बोलणं ऐकून तिला खोटं बोलल्यासारखं वाटलं. भ्या तर बैल उधळला तरी वाटायचं. हे ते नव्हतं.

त्यानंतर ती रानात जाईना. नवरा, हौशीराम, भला माणूस. काही झालं नाही ना, मग सोडून दे, अशी तो समजूत घाली. तिलाही सोडायचंच होतं. पण जे आत बसलंय ते आधी बाहेर काढल्याशिवाय सोडायचं कसं?

पौषात घराच्या फाटकाला रंग दिला. थोडा हिरवा, थोडा काळा, थोडा पिवळा रंग उरला. गोठ्याचे काढलेले सपाट पत्रे भिंतीला टेकून होते. साळुबाईनं त्यातल्या एकावर बिबट्या काढला. वृषालीला हसू आवरलं नाही, कारण मांजर झालं होतं. साळुबाई ओशाळली, पण ब्रश काही खाली ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं थिनरच्या बोळ्यानं ते मांजर पुसून काढलं आणि बिबट्या काढायचाच नाही असं ठरवलं.

तिनं वरपासून खालपर्यंत हिरवे फटकारे मारले, एकाला एक चिकटून, श्वास घ्यायला जागा राहू नये असे. ते बघितलं, पटलं नाही, पुसलं. मग काळ्यावर हिरवा देऊन पाहिला. पुन्हा पुसलं. महिनाभर हे चाललं. जनावरांचं आवरलं की ती पत्र्यापुढं बसे. शेजारणी कुजबुजू लागल्या, आणि बाहेरचं काही लागलं असेल, एकदा दाखवून आणू, असं हौशीराम चाचरत म्हणाला.

"मला काय बी लागलेलं न्हाई," ती म्हणाली. "जमंपातुर मी उठायची न्हाई. तुमी च्या घ्या."

अडत होतं ते मधोमध. तिथं कुठलाच रंग खरा वाटेना. एका सकाळी तिनं विळा घेतला आणि मधला ओला रंग खरवडून काढला. हाताएवढा नुसता पत्रा उघडा पडला. त्याच्या एका कडेला तिनं पिवळ्याची एकच बारीक रेघ ओढली. मग मागं सरून बराच वेळ बघत राहिली. या वेळी तिनं पुसलं नाही.

फाल्गुनात वनखात्यानं देवळाच्या सभामंडपात बिबट्यांबद्दल बैठक घेतली. अनुभव सांगायला साळुबाईला बोलावलं. मला सांगता येत नाही, पण दाखवते, असं तिनं कळवलं आणि हौशीरामला पत्रा उचलायला लावला. तो गावादेखत डोक्यावर पत्रा घेऊन चालला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पत्रा खांबाला टेकवला. माणसं एकमेकांकडं बघू लागली. ह्यात बिबट्या कुठाय, असं मागून कुणीतरी विचारलं आणि हशा पिकला.

साळुबाईनं तो ओसरू दिला. "बिबट्या त्यात न्हाईच," ती म्हणाली. "तो तुमी समद्यांनी फोटोत बघितलाय. तो बघत व्हता तवा माझ्या आत जे झालं, ते हाय."

तेवढ्यात कुशाबा उठला. निमगाव सावाकडचा हा मेंढपाळ, तेव्हा गावाच्या शिवारात मेंढरं बसवून होता. तीन वर्षांपूर्वी बिबट्यानं त्याच्या पायाशेजारचं कोकरू नेलं होतं. तो पत्र्याजवळ आला आणि उघड्या जागेवर त्यानं तळवा ठेवला.

"हितं कानात काय बी येत नव्हतं," तो म्हणाला. "मेंढरं वरडत असत्याल. मला ऐकू न्हाई आलं."

साळुबाईच्या डोळ्यांना धार लागली. त्या वेळी पाखरं, विहिरीवरची मोटार, वारा, सगळं बंद पडलं होतं, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. तिलाच ते शब्दांत ठाऊक नव्हतं. सभामंडपात मग कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती बांधावर गेली. हौशीराम सोबत निघाला, त्याला तिनं विहिरीपाशी थांबवलं. मान सारखी उसाकडे वळत होती, तरी भारा पुरा करूनच ती परतली.

आता तिच्याकडे असे पाच पत्रे आहेत. एक तिच्या आईबद्दल आहे, एक कशाबद्दल ते ती सांगत नाही. मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा सहाव्याचा खालचा कोपरा तिच्या मनासारखा होत नव्हता. तिनं मला पाट दिला, बसायला सांगितलं आणि थिनरचा बोळा पुन्हा हातात घेतला.