जाळीतल्या चार कोंबड्या

काल दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारामागे कोंबड्यांची गाडी उभी होती, आणि ओल्या भुशाच्या त्या नाकाला झोंबणाऱ्या वासाने मला सोनिपतजवळच्या एका शेडची आठवण झाली. तेव्हा मी पोल्ट्री कंपनीत डॉक्टर होते. विक्रीआधी सात दिवस पाण्यातलं अँटिबायोटिक बंद करायचं, नाहीतर ते मांसात राहतं, असं त्या शेडवाल्याला मी बजावून आले होते. सातव्या दिवशी सकाळी गेले, तर गाडी भरत होती आणि टाकीतल्या पाण्यात पिवळं औषध तसंच होतं. जाब विचारला, तर तो शांतपणे म्हणाला, "ठंड में मर जातीं, मॅडमजी. और ये माल तो दिल्ली जाएगा." त्याच्या घराच्या ओट्यापाशी जाळीत चार कोंबड्या वेगळ्या ठेवलेल्या, समोर हातपंपाचं स्वच्छ पाणी. "वो घर की हैं. बेटी की सगाई है, आज सात दिन पूरे हुए." म्हणजे नियम त्याला चांगला पाठ होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाडी थांबवा म्हणून मी तिथूनच आमच्या दिल्ली ऑफिसातल्या पुणेकर साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "अगं, जाऊ दे गाडी," ते म्हणाले, "आणि त्या जाळीतल्या दोन मिळतात का बघ, रविवारी घरी पाहुणे आहेत." नोकरी मी महिन्याभरात सोडली, पण त्या दिवशी गाडी गेलीच. काल त्या गाडीतून माल उतरवून घेणारा दुकानदार म्हणाला, "एकदम ताज़ा है, मॅडम." मी विचारलं, "घर के लिए कौन सी ले जाते हो?" तो नुसता हसला.