एकाच जोडव्याचा आवाज

धातू शोधायची मशीन घरी आली तेव्हा मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, गुप्तधन शोधायला निघालात का?" मी म्हटलं, "हो, तुझ्या आईचं." तिला दुखवायचं नव्हतं, पण माझी जीभ पहिल्यापासून अशी फटकळ, आणि बायको गेल्यापासून घरात तिला आवरणारं कोणी नाही.

उमरेड रोडला एका लेआउटमध्ये आमचा प्लॉट होता. त्याचं भूमिपूजन झालं, घर मात्र झालं नाही. आधी माझी बदली आडवी आली, मग तिचं आजारपण. शेवटची वर्षं रामदासपेठेतल्या दवाखान्यांचे जिने चढण्यात गेली. आता प्लॉट विकला होता आणि सोमवारी घेणाऱ्याचा जेसीबी यायचा होता. त्याआधी मला तिचं जोडवं काढायचं होतं.

बायको भिवापूरची, म्हणजे मिरचीच्या गावची. भूमिपूजनाला गुरुजींनी ईशान्येच्या खड्ड्यात तांब्याचा लोटा ठेवला, त्यात चांदीचा नाग, सुपारी, हळकुंड. माती लोटणार तोच हिनं वाकून एका पायातलं जोडवं काढलं आणि लोट्याशेजारी मातीत खुपसलं. मी भडकलो. "वेडी झाली का वं? सवाष्ण जोडवं काढते का कोणी?"

"काहून ओरडून राहिले?" ती म्हणाली. "वास्तुशांतीले नवी जोडी घेऊन द्या. तवापर्यंत मी एकच घालीन. रोज दिसलं पायजे तुमाले."

आणि बापा, खरंच एकच घातलं तिनं. लग्नाकार्यात बायका कुजबुजत, ही खुशाल पाय पुढे करून बसे. गेली तेव्हाही पायात एकच होतं. ते मी काढून घेतलं. जळायला द्यायची माझी छाती झाली नाही.

शनिवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, ऑटोनं प्लॉटवर पोचलो. ईशान्येचा खड्डा कोणीतरी कधीच उकरलेला होता. लोटा, नाग, सगळं लंपास! माती चहूकडे फेकलेली. पण जोडवं मातीत होतं, चोराच्या नजरेतून सुटलंही असेल. मी मशीन सुरू केली आणि ती जी बोंबलत सुटली, की विचारू नका. इकडे फिरवा, बोंब. तिकडे फिरवा, बोंब. मला वाटलं, बिघडलेली पाठवली मेल्यांनी.

मोबाइलवर एक हिंदी व्हिडिओ होता, तो परत लावला. मग कळलं की चूक माझीच. जास्त खोलवरचं ऐकू यावं म्हणून मी ताकदीचं बटन पूर्ण फिरवून ठेवलं होतं, आणि आमच्या काळ्या मातीत लोहच इतकं, की मशीन जमिनीलाच धातू समजत होती. ताकद कमी केली. एक साफ जागा बघितली, मशीनची थाळी जमिनीवर वर-खाली, वर-खाली नाचवली आणि दुसरं बटन हळूहळू फिरवत गेलो. वर नेताना आणि खाली आणताना आवाज सारखा झाला, तशी माती एकदाची गप्प बसली.

उरला कचरा. लोकांनी माझा रिकामा प्लॉट उकिरडा समजून वापरला होता. बिअरची झाकणं, खिळे, तारा, गोळ्यांची रिकामी पाकिटं. कचरा गाळायचंही एक बटन होतं, ते चढवलं. छान शांतता झाली. इतकी छान की मला शंका आली. तिच्या पायातलं जोडवं खिशात आणलं होतं, ते काढलं, वीतभर खोल पुरलं, वरून थाळी फिरवली. काहीच नाही! चांदी असून मशीन ओळखेना. जोडव्याचं वेढं खालून उघडं असतं ना, त्यामुळे मशीनच्या लेखी ते आणि गोळ्यांचं पाकीट सारखंच. मी बटन उतरवत गेलो, तेव्हा कुठे एक बारीक, घोगरी टिक ऐकू आली. म्हणजे झाकणं, पाकिटं, सगळंच उकरणं आलं.

तेवढ्यात बाजूच्या घरातली बाई कुंपणाशी आली. "काय शोधून राहिले काकाजी? सोनं का?"

"भंगार," मी म्हटलं.

तिनं पाणी दिलं. मी सावलीत बसून प्यायलो, थोडं बोललो, मग पुन्हा लागलो. टिक झाली की खुरपं मारायचं. झाकण. तार. गोळ्यांचं पाकीट. पुन्हा पाकीट. गोळ्यांची पाकिटं बघून तर मला संतापच येत होता, घरी काय कमी बघितली होती! कंबर मोडली, शर्ट अंगाला चिकटला. आणि मग एक टिक, अगदी तीच, घोगरी. खुरप्यानं ढेकूळ फोडलं आणि त्यातून जोडवं निघालं.

"सापडलं वं!" मी मोठ्यानं ओरडलो. "सापडलं, पाह्य!" मी खरोखर मागे वळून बघितलं. मागे पळसाचं झाड होतं आणि माझी पिशवी. किती दिवसांनी इतका आनंद झाला होता आणि सांगायला कोणी नव्हतं.

जोडी जुळवायला खिशात हात घातला. खिशात चष्म्याचं घर होतं आणि रुमाल होता.

मग हातातलं जोडवं शर्टाला पुसून बघितलं. खालून झिजून पत्र्यासारखं झालेलं, नक्षी गुळगुळीत. जमिनीत राहिलेलं असं झिजलं नसतं. मघाशी मशीन जुळवायला पुरलेलं, पाणी प्यायच्या नादात तसंच विसरलेलं, तेच मी शोधून काढलं होतं.

ऊन डोक्यावर येईस्तोवर उकरत राहिलो. रविवारीही गेलो. दुसरं काही सापडलं नाही. सोमवारी जेसीबी आला असेल, मी गेलो नाही.

घरी पाय धुतले, जोडव्याचं वेढं जरा फाकवलं आणि माझ्या पायाच्या बोटात घातलं. आता ते मीच घालतो, एकच. कोणी विचारलं तर सांगायचं ठरवून ठेवलं आहे, कंबरदुखीवर असते म्हणून. अजून कोणी विचारलं नाही.