आबांना दिलेला डबा

ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. भावाला नाही, मित्रांना नाही, दारू प्यायल्यावरसुद्धा नाही — आणि दारूत माणूस काय काय ओकून जातो, तुम्हाला ठाऊक आहे. ही मात्र जिभेवर यायला लागली की मी उठून जायचो. आज सांगतोय. आजच का? माहीत नाही. सुरू केलंय, तर होऊन जाऊ दे.

डब्यापासून सुरुवात करतो. तिथून सोपं आहे.

डबा म्हणजे जुनी कॅरॅव्हॅन — गाडीला जोडून ओढत न्यायची, आत झोपायची-बसायची सोय असलेली, चाकांवरची खोली. खालापूरकडे एका फार्महाऊसवर ती वर्षानुवर्षं झाडाखाली पडून होती. जुना मालक वारला, मुलांना जागा रिकामी करायची होती. शिळफाट्याच्या एका ओळखीच्या गॅरेजवाल्यानं मला सांगितलं, घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल. मी तेव्हा खोपोलीला एका कंपनीत स्टोअर सांभाळायचो. घर पोशीरला. मागं मोकळी जागा, तिच्या पलीकडं आमची भाताची खाचरं. आमच्या भागात मुंबईचे लोक सुट्टीला राहायला यायला लागले होते, जो तो वावरात खोल्या बांधत होता. म्हटलं, आपण हा डबा नीट करू आणि पाहुण्यांना देऊ. ट्रॅक्टरला जोडून आणला, तेव्हा अख्खी आळी बघायला जमली. 'डबा' हे नाव त्यांनीच पाडलं.

बाहेरून पत्रा बरा होता. आत मात्र — दार उघडलं आणि उंदरांच्या मुताचा असा भपकारा आला की सगळे मागं सरले. छताचं प्लाय भिजून पोट सुटल्यासारखं खाली आलेलं. गाद्यांचा फोम हातात घेतला की पिठासारखा सांडायचा. एका कपाटात गांधीलमाश्यांचं पोळं. पण भिंतींवरचा हिरवा ऑइलपेंट एका जागी नखानं खरवडला, तर खाली सागाच्या पट्ट्या निघाल्या. तेव्हा मात्र सगळे "अरे वा" म्हणाले.

कशेळ्याचा एक सुतार लावला. त्यानं सडलेलं सगळं काढलं, जमीन नव्या प्लायची केली, छत केलं. रंग खरवडायचं काम रेंगाळणारं, त्याला मजुरी कोण देणार? ते आबांनी घेतलं.

आबा म्हणजे माझे वडील. ऐंशीच्या आसपास. आयुष्यभर भात लावला आणि कापला, दुसरं काही केलं नाही. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. हातात पॉलिश पेपर घेऊन दुपारचे ते डब्यात जाऊन बसायचे. तोंडावर पंचा बांधलेला. एक-एक पट्टी घासायचे. शुभांगी — माझी बायको — तिथं चहा न्यायची आणि बराच वेळ परतायची नाही. त्यांचं दोघांचं जमायचं. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला चुलीवर भाकरी येत नव्हती, ती आबांनी शिकवली, आईनं नाही. वाल मोड आणून सोलायला दोघं एकत्र बसायचे आणि गावातल्या सगळ्यांची उणीदुणी काढत हसायचे. मला कधी कधी वाटायचं, माझ्यापेक्षा ती त्यांचीच जास्त आहे.

हे सांगतोय, कारण हे माहीत असताना मी पुढचं केलं.

डब्याचं काम अर्ध्यावर आलं असेल. एका रविवारी मी कंपनीतल्या साहेबांना आणि त्यांच्या बायकोला जेवायला बोलावलं. बढतीचं चाललं होतं. शुभांगीनं भाताच्या पापड्यांपासून सगळं केलेलं. जेवणं चालू होती आणि आबा बाहेरच्या खोलीत आले. धोतर ओलं. खाली लादीवर ओघळ. त्यांना कळलंच नव्हतं. साहेबांशी बोलायला म्हणून आले होते, हात जोडून उभे राहिले, "बसा बसा, जेवा" म्हणाले. साहेबांच्या बायकोनं ताट जरा बाजूला ओढलं. इतकंच. शुभांगी उठली, "आबा, चला, तुमचं औषध राहिलंय" म्हणत त्यांना हाताला धरून आत घेऊन गेली, परत येऊन लादी पुसली, आणि वाढायला लागली. जणू पाणी सांडलं होतं.

तिला लाज वाटली नाही. मला वाटली. एवढी, की साहेब गेल्यावर मी आबांकडं बघितलंसुद्धा नाही.

त्या दिवशी मी ठरवलं, डबा पाहुण्यांना द्यायचा नाही. आबांना द्यायचा.

मग सांगितलं का नाही? — हेच तर. सांगितलं नाही. आबा पाहुण्यांसाठी म्हणून पट्ट्या घासत राहिले, आणि मी घासू दिल्या. एकदा ते सुताराला म्हणाले, "पलंग जरा खाली घे रं. म्हातारीकोतारी येतील शहरातनं, गुडघं नसतात त्यांना." सुतारानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, घे खाली. मग त्यांनीच पायरीपाशी धरायला दांडा लावायला सांगितला. खिडकी खाचरांच्या बाजूला मोठी करा म्हणाले, पाहुण्यांना भात दिसू दे. प्रत्येक वेळी मी हो म्हणालो. त्यांना न दिसणाऱ्या कुणा परक्या म्हाताऱ्याची ते काळजी करत होते, आणि तो म्हातारा कोण, हे डब्यात एकट्या मला माहीत होतं. तुम्ही असं काही केलंय कधी? नसेल केलं.

काम सुरेख झालं, ते खोटं नाही. सागावर पॉलिश चढलं तेव्हा आतून डबा मधासारखा दिसायला लागला. घडीचं टेबल, छोटं बेसिन, पलंगावर रेक्झिनची गादी. पडदे शुभांगीनं शिवले. पिवळे, बारीक फुलांचे. तिलाही तोवर पाहुणेच माहीत होते.

मग एका संध्याकाळी मी आबांना आत घेऊन गेलो. ते पलंगावर बसले, भिंतीवरून हात फिरवला.

"झ्याक झालाय. पाव्हनं कदी येनार?"

"आबा, हा तुमचा," मी म्हणालो. "तुम्ही इथं राहायचं. निवांत."

त्यांना आधी कळलं नाही. हसले. मग माझ्या तोंडाकडं बघून हसायचे थांबले. "घरात काय झालं?"

मला तेव्हा सांगता आलं असतं की मला तुमची लाज वाटते. वाईट होतं, पण खरं होतं. मी म्हणालो, "शुभांगीला आता होत नाही, आबा."

आलं एकदाचं. हेच ते. एवढंच वाक्य.

"ती म्हनली आसं?"

"हो."

त्यांनी पडद्याची कड बोटांत धरून बघितली. आणि इथं मी थांबलो नाही. मी म्हणालो, "तिला काही बोलू नका यावर. तिला वाईट वाटेल." बघा — खोटं बोललो ते बोललोच, वर त्याला कुलूप घातलं. आबांनी मान हलवली. "नाय बोलनार. तिजं बी बरोबर हाय. किती करंल पोर?"

घरात येऊन शुभांगीला सांगितलं, आबांनीच डबा मागितला. त्यांना एकटं राहायचंय. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली. "माझ्याजवळ नाही राहायचं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, म्हाताऱ्यांचं असंच असतं. तिनं विचारलं, मी बोलू त्यांच्याशी? मी म्हणालो, नको, चिडतील.

एका संध्याकाळी दोघांना दोन खोट्या गोष्टी सांगितल्या, आणि दोघं इतकी चांगली, की एकमेकांना जपण्यासाठी दोघांनीही तोंडं मिटून घेतली. माझं काम सोपं झालं.

गावात काय झालं? माझं कौतुक. लोक डबा बघायला यायचे. म्हाताऱ्याला राजवाडा केलाय पोरानं, म्हणायचे. आणि शुभांगीच्या माघारी — सुनेनं सासऱ्याला बाहेर काढला. हे माझ्याही कानावर आलं. मी काही बोललो नाही. सुनांना लोक बोलतातच, असं मनाशी म्हटलं.

आबा दोन पावसाळे त्यात राहिले. शुभांगी ताट घेऊन जायची. ते म्हणायचे, "ठेव थितं." पूर्वी तिच्याशी तासभर बोलणारा माणूस. ती गेल्याशिवाय घास घ्यायचे नाहीत. एकदा ती मोड आलेले वाल घेऊन गेली, सोलायला बसू म्हणून. लगेच परत आली, वाटी तशीच भरलेली. म्हणाले म्हणे, "तू जा, तुला कामं हायेत." ओली चादर ते स्वतःच धुवायला लागले, तिच्या हाती लागू नये म्हणून. नळावर उकिडवे बसून. ती हिसकावून घ्यायला गेली, तर त्यांनी दिली नाही. मी खिडकीतून बघत होतो. ती मला म्हणाली, "माझं काय चुकलं हो?" मी म्हणालो, वय झालंय त्यांचं.

पाऊस असला की पत्र्यावर एवढा आवाज व्हायचा, की हाक मारली तरी घरात ऐकू यायची नाही. त्यांनी हाक मारली होती का कधी? मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांनी अंथरूण धरलं. ताप, मग छातीत कफ. कर्जतच्या डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. शुभांगी म्हणाली, घरात आणू या. आबा म्हणाले, "नको. त्या घरात नको." मग ती डब्यातच राहिली. अंग पुसायची, लघवीचं भांडं करायची, चमच्यानं पेज भरवायची. आता त्यांना नको म्हणायचंही बळ नव्हतं.

जायच्या आदल्या दिवशी, सकाळची वेळ. मी दारात उभा होतो. ती त्यांचं तोंड पुसत होती. त्यांनी तिचं मनगट धरलं. आवाज नीट येत नव्हता, पण मला स्पष्ट ऐकू आलं.

"पोरी, माजा तुज्यावर राग नाय."

ती म्हणाली, "राग कशाला असेल, आबा?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना वाटत होतं, मी काही बोलावं. की त्यांना कळलं होतं? मी कितीदा आठवून बघितलंय ते बघणं. अजून ठरत नाही. मी म्हणालो, "आबा, दमू नका. पडा." त्यांनी डोळे मिटले.

तेव्हा बोललो असतो तर? एक वाक्य. तो माणूस जिवंत होता, ती तिथं होती, मी तिथं होतो. त्यांनी तिला माफ केलं — तिनं न केलेल्या गोष्टीसाठी — आणि मी ते होऊ दिलं.

त्यानंतर शुभांगीनं मला विचारायला सुरुवात केली. वर्षं झाली, अजून विचारते. राग नाय म्हणाले, म्हणजे आधी होता. कशाचा असेल? मागचं एकेक उकरते. एकदा जेवायला उशीर झाला होता, तेव्हाचा? माहेरी जास्त दिवस राहिले होते, तेव्हाचा? त्या दिवशी साहेबांसमोर हाताला धरून आत नेलं, ते त्यांना लागलं असेल का? तिनं केलेली सगळ्यात चांगली गोष्ट तिला आता गुन्हा वाटते. मी म्हणतो, सोड ना.

डबा मी विकून टाकला. माथेरानच्या पायथ्याला कुणीतरी नेला. त्यानं काय होणार होतं?

गेल्या महिन्यात आमच्या मुलाचं ठरलं. मुलीकडची माणसं आली होती. आमची चुलतकाकू, जुनं माणूस, तोंडानं फटकळ. ती त्या मुलीला म्हणाली, "सांबाळून ऱ्हा गं बाय. सासऱ्याला डब्यात ठेवनारी सासू हाय तुजी." चेष्टेत म्हणाली. सगळे हसले. पाहुणेही हसले, त्यांना काही माहीत नव्हतं तरी. शुभांगी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तीही हसली. ट्रेमधले कप वाजले, तेवढंच. मीसुद्धा हसलो.

पाहुणे गेल्यावर ती मोरीत कप विसळत बसली. पाठ माझ्याकडं. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. खरंच सांगायला गेलो होतो.

तिनं वळून बघितलं. डोळे लाल. "काय हो?"

मी म्हणालो, "काही नाही. मुलगी चांगली वाटली."

"हो," ती म्हणाली, आणि पुन्हा कप विसळायला लागली.