जाहिरात संपेपर्यंत

फोनवर नाव काकूचं आलं आणि आवाज काकांचा आला, तेव्हाच मला कळलं. काका स्वतःहून कधी फोन लावत नसत. काकू लावायची, तिचं सगळं बोलून झालं की "घ्या, मुग्धाशी बोला" म्हणून फोन त्यांच्या हातात द्यायची, आणि काका "बरी आहेस ना?" एवढं विचारून तो परत तिच्याकडे द्यायचे. त्या सकाळी मी तुकोगंजच्या ऑफिसात नुकतीच येऊन बसले होते. काका म्हणाले, "मुग्धा, काकू गेली." मग त्यांनी फोन ठेवलाही नाही. बोलून झाल्यावर फोन कुणाच्या हातात द्यायचा, हे त्यांना उमगत नसावं... त्याला आता पाच आठवडे झाले. भेटायला येणारे काकूच्या हातच्या चवीबद्दल, तिच्या हसण्याबद्दल बोलतात आणि मी मान डोलावते. पण मला आठवतं ते एक वाक्य, आणि तेही तिचं नाही, माझं. चार वर्षांपूर्वी तिच्याच टीव्हीसमोर बसून मी ते तिला ऐकवलं होतं.

शैलाकाकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. आमचं शहर हिंदी मुलखातलं; तिथल्या सुदामा नगरच्या घरात ती आणि काका, दोघंच. छत्रीबागेतल्या एका खाजगी हिंदी शाळेत ती एकोणीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळत होती, आणि सांभाळण्याची तिची तऱ्हा अशी की इतर शिक्षिका कपाळावर हात मारून घ्यायच्या. निकालाच्या दिवशी बाकीचे वर्ग अर्ध्या तासात रिकामे होत, काकूचा दुपारपर्यंत चाले. ती नंबर वाचून दाखवत नसे. एकेका मुलाच्या आई-वडिलांना आत बोलावून, दार लोटून, फक्त त्या मुलाबद्दल बोलायची. प्रार्थनेच्या रांगेत काय, फोटोसाठी काय, ती पोरांना उंचीप्रमाणे उभं करत नसे. जो आधी आला तो पुढे. त्यामुळे तिच्या वर्गाच्या दरवर्षीच्या फोटोत मागच्या ओळीतल्या निम्म्या मुलांचे नुसते केस दिसतात. दोन मुलांना कधी एका मापाने मोजायचं नाही, हा तिचा हट्ट होता आणि त्यावर ती कुणाशी वाद घालत बसायची नाही.

या हट्टाचा फायदा मला लहानपणीच मिळाला होता. माझी आई मनाने वाईट नाही, पण मी आणि ताई एकत्र दिसलो की तिच्याच्याने राहवत नसे. एका गणपतीत आम्ही सगळे काकूकडे जमलो असताना आईने पाहुण्यांसमोर दोघींचे गणिताचे मार्क काढले. ताईचे आधी, माझे नंतर. मी भिंतीकडे तोंड करून बसले. काकू आईला एका शब्दाने काही म्हणाली नाही. तिने रिमोट आणून माझ्या मांडीवर ठेवला आणि सगळ्यांना सांगून टाकलं, "आज रिमोट हिच्याजवळ राहील. ही जे लावेल ते सगळे बघतील." मी कार्टून लावलं. आरतीला आलेल्या आजोबा मंडळींसकट सगळ्यांनी ते निमूटपणे पाहिलं. तेव्हापासून मी काकूची झाले.

तर चार वर्षांपूर्वी शाळेने ठरवलं की नव्या सत्रापासून सगळं इंग्रजी माध्यम. जुन्या शिक्षिकांनी नव्या प्राचार्याबाईंसमोर इंग्रजीतून एक धडा घेऊन दाखवायचा. जमलं तर वर्ग राहील, नाही तर नमस्कार. मुदत सहा आठवड्यांची. काकूच्या वाट्याला आलेला धडा होता घरातल्या टीव्हीबद्दलचा. टीव्हीच्या संदर्भातले शब्द शिकवायचे, आणि त्यांच्या आधारे मोठा-लहान, जास्त-कमी अशी तुलना इंग्रजीत कशी करतात ते. काकूला इंग्रजी वाचता यायचं, पण बोलायची वेळ आली की तिची जीभ जड व्हायची. तिने मला फोन केला. "तू तर दिवसभर तिथे पोरांना इंग्लिशच सिखवते. मला पण सिखव ना. माझा वर्ग जायला नको, बस."

मी कंपनीत नव्या मुलांना फोनवर इंग्रजी बोलायला शिकवते, तेव्हा काकूला शिकवणं म्हणजे डाव्या हाताचा मळ, असं मला वाटलं. दर रविवारी संध्याकाळी मी सुदामा नगरला जाऊ लागले. काकूने आपली पद्धत स्वतःच काढली. टीव्हीवर गोल अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या: स्क्रीन, स्पीकर, वॉल्यूम. रिमोटच्या पाठीवरही एक. मालिका बघताना जाहिरात लागली की ती आवाज बंद करायची आणि जाहिरात संपेपर्यंत पडद्याकडे बघत वाक्यं म्हणायची. धिस ॲड इज लाँगर दॅन दॅट ॲड. द सासू इज लाउडर दॅन द न्यूज. पण वाक्य अर्धवट राहिलं की मालिका सुरू झाली तरी आवाज परत यायचा नाही, आणि काका कळवळून म्हणायचे, "अगं शैला, आवाज तर दे. शुरू झालं ना." ती हाताने त्यांना थांबवायची, वाक्य पुरं करायची आणि मगच बटन दाबायची.

पहिले चार रविवार बरे गेले. पाचव्या रविवारी मी ऑफिसातून कावून आले होते, त्या आठवड्यात माझ्या हाताखालची तीन मुलं नापास झाली होती. काकू अजून अडखळत होती आणि सहाच दिवस उरले होते. मी म्हटलं, हे टीव्ही-बिव्ही राहू दे, सोपं कर. दोन मुलांना पुढे बोलाव, शेजारी उभं कर आणि वर्गाला विचार, उंच कोण? परीक्षकांना तेच आवडतं, सगळीकडे असंच शिकवतात. काकू म्हणाली, "ते मी नाही करणार." मी समजावलं. तिने मान हलवली. मी परत समजावलं. "वो तर ठीक आहे मुग्धा, पण जो छोटा निघेल तो घरी काय घेऊन जाईल?" माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "काकू, तुझा वर्ग जाणार आहे आणि तू हे काय धरून बसली आहेस? तुझ्यापेक्षा तुझ्या चौथीतली पोरं लवकर शिकतील."

जाहिरात चालू होती, म्हणून आवाज बंद होता. काकू पडद्याकडे बघत राहिली. जाहिरात संपली, मालिका सुरू झाली, माणसं तोंडं हलवू लागली, तरी तिने बटन दाबलं नाही, आणि त्या दिवशी काकांनीही आवाज मागितला नाही. मी पर्स उचलली आणि निघाले. माफी मागायचं मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू... पण रागही होता, आणि तो जास्त होता.

शनिवारी मात्र मला राहवलं नाही. सुट्टी टाकून मी छत्रीबागेत गेले. काकूचा वर्ग तळमजल्यावर, त्याची खिडकी व्हरांड्यात उघडते. शिपाई ओळखीचा, "खड़े रहो दीदी, बस आवाज मत करना," म्हणाला. आत प्राचार्याबाई आणि व्यवस्थापनाचे दोघे मागच्या बाकावर कागद घेऊन बसले होते. काकू फळ्याजवळ उभी होती आणि तिच्या हातात घरचा रिमोट होता. सुरुवात नीट झाली. तिने रिमोट उंच धरून शब्द विचारले, पोरांनी ओरडून सांगितले. कार्टून चांगलं की बातम्या, मालिका लांब की मॅच, सगळी वाक्यं बरोबर आली.

तेवढ्यात प्राचार्याबाईंनी हात वर केला. त्या म्हणाल्या, "शैलाजी, इनफ टीव्ही. दो बच्चों को सामने बुलाइए. आस्क देम, हू इज टॉलर." आणि तिची वाट न बघता त्यांनीच पुढच्या बाकावरच्या दोन मुलींना उठवलं. एक चांगली उंच, दुसरी तिच्या खांद्याएवढी. छोटी आधीच पायांकडे बघत होती. व्यवस्थापनातल्या एकाने घड्याळ पाहिलं. मी खिडकीचा गज घट्ट धरला आणि मनातल्या मनात म्हणत होते, विचार ना काकू, एवढंच तर वाक्य आहे, विचार आणि मोकळी हो. तिचा अंगठा रिमोटवर होता. कुठल्या बटनावर, ते मला ठाऊक होतं. वर्ग इतका शांत झाला की बाहेरच्या नळाचं पाणी ऐकू येऊ लागलं.

मग काकूने त्या दोघी मुलींना जागेवर बसायची खूण केली आणि सरळ मागच्या बाकाकडे बघून म्हणाली, "मॅडम, प्लीज कम." प्राचार्याबाई हलल्या नाहीत. काकू परत म्हणाली, "प्लीज." शेवटी त्या उठल्या, पुढे आल्या. काकू त्यांच्या शेजारी ताठ उभी राहिली आणि वर्गाकडे तोंड करून एकेक वाक्य सावकाश बोलली. "मॅडम इज टॉलर दॅन मी. आय ॲम शॉर्टर. आय ॲम ओल्डर दॅन मॅडम. हर इंग्लिश इज बेटर दॅन माय इंग्लिश." शब्द एकही अडला नाही. पोरं हसली. ती छोटी मुलगीही हसली. प्राचार्याबाई हसल्या नाहीत. जागेवर जाऊन त्यांनी कागदावर बरंच काही लिहिलं.

बाहेर आल्यावर काकूने मला पाहिलं. तिने विचारलं, "किती चुकले?" मी म्हटलं, एक पण नाही. ती म्हणाली, "इतका वेळ उभी होती? चल, आधी पाणी पी." मागच्या रविवारबद्दल ती बोलली नाही आणि मीही नाही. पुढचे अकरा दिवस तिने कसे काढले, ते काकांनाच माहीत. निकाल आला तो असा: वर्ग राहील, पण एका वर्षापुरता, आणि शेरा असा की बाई सूचना पाळत नाहीत. त्या एका वर्षाची तीन वर्षं झाली. जाहिरातीतला अभ्यास तिने शेवटपर्यंत सोडला नाही. गेल्या वर्षी पोटाचं दुखणं निघालं आणि शाळा सुटली ती मात्र आजारपणाने, इंग्रजीने नाही. शेवटची भेटले तेव्हा ती उशांना टेकून टीव्ही बघत होती. जाहिरात लागली, तिने आवाज बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. आता वाक्यं म्हणण्याइतकी ताकद नव्हती. बोलायला मोकळी जागा होती, दोन मिनिटं तरी. मी तिला ऑफिसच्या नव्या कँटीनबद्दल सांगत बसले.

गेल्या रविवारी सुदामा नगरला गेले. टीव्हीवरच्या चिठ्ठ्या तशाच आहेत, एकीचा कोपरा सुटलाय. काका मालिका बघत होते. जाहिरात लागली आणि त्यांनी आवाज बंद केला. मला वाटलं, माझ्याशी बोलायचं असेल. पण ते पडद्याकडे बघत राहिले. दुसऱ्या जाहिरातीला तेच. तिसऱ्या वेळी मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "ही तिची वेळ असते ना."

मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, काका, त्या रविवारी मी काकूला जे बोलले, ते तुम्ही ऐकलं होतं. काकांनी उगाच सारवासारव केली नाही. म्हणाले, "ऐकलं होतं. दोन दिवस ती टीव्हीसमोर बसलीच नाही. मला इतका राग आला की मी म्हटलं, फोन लाव, पोरीला आत्ता झाडतो. तर नाही म्हणाली. म्हणाली, लहानपणापासून तिला सगळ्यांनी असंच तोललं. ती दुसरं सिखणार कुठून?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, रिमोट उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि चहा टाकायला आत गेले. पडद्यावर मालिका सुरू झाली होती, माणसं तोंडं हलवत होती. आतून काकांनी आवाज मागितला नाही, आणि मी दिला नाही.