मोड आलेले वाल आणि संपलेला डबा

मैत्रिणींनो, आज जे झालं ते लिहितेय.

पापडी गावच्या बाजारातून आणलेल्या कडव्या वालांना छान मोड आले होते. सकाळी बिरडं करायला वेळ नव्हता. मुगाचं करतो तसंच, वाल सोलून लिंबू पिळलं आणि कच्चेच माझ्या लेकीच्या, रियाच्या शाळेच्या डब्यात भरले. मोड म्हणजे पौष्टिकच ना!

दुपारी आईला फोनवर सहज सांगितलं तर ती ओरडलीच, "कच्चे दिलेस? अगं, वाल शिजवल्याशिवाय खातात का कुणी?"

शाळेत फोन लावला, तोवर मधली सुट्टी संपली होती. रिया रोज अर्धा डबा परत आणते म्हणून मी तिच्यावर चिडते. आज देवाला म्हटलं, भरलेला येऊ दे.

ती आली पोट धरून. डबा रिकामा.

"कडू होतं गं मम्मा. पण तू ओरडतेस ना."

दोन उलट्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, वालात मुळातच विषारी अंश असतो, मोड आले म्हणून तो जात नाही. भिजवलेलं पाणी फेकून नीट शिजवायलाच हवेत.

आता ती झोपलीय. मी शेजारी बसून तिचा श्वास बघतेय.

डबा संपवायला आपण सगळ्याच शिकवतो. कडू लागलं तर थुंकून टाक, हे तुमच्यापैकी कुणी शिकवलंय?