वरची मूठ

एडवणहून निघाले त्या सकाळी आई मला विमानतळावर सोडायला आली नाही. सफाळ्याच्या बाजारात तिची पाटी लागायची होती. मी रिक्षा बाजारापाशी थांबवली. जवळ्याचे हात पदराला पुसत ती आली, माझ्या बॅगेत सुक्या बोंबलांची पुडी कोंबली आणि म्हणाली, "परमुलखात पयल्या भावाला हो म्हनू नको, येडी समजतील. पन आपल्या तोंडून भाव गेला ना, मंग पाठ फिरवायची नाय."

तिच्या शेजारी पाटी लावणारी कमळमावशी हसली. "अगो, पोरगी मस्कतला लॅबमध्ये चाललीय, बाजार मांडायला नाय!"

आमच्या घरात कॉलेज केलेली मी पहिली. त्या डिग्रीवर तारापूरच्या कारखान्यात नोकरी मिळाली, पुढे मस्कतची. पण मस्कतच्या जुन्या बाजारात, सूकमध्ये, डिग्रीला कोण विचारतो? तिथे आईच्या पाटीमागे बसून काढलेली वर्षं कामी आली. आधी सलाम, खुशाली. पुढे केलेला कहवा प्यायचा. घ्यायचं नसेल तर भाव विचारायचा नाही, मालाला नावं तर ठेवायचीच नाहीत. सकाळी पहिलं गिऱ्हाईक आपणच असू तर फार ताणायचं नाही. भवानी त्यांचीही असते.

बोईसरहून इथे मस्कतला फिरायला येणाऱ्या ओळखीच्यांना हे सांगून सांगून थकले. "अगं, इथे अर्ध्यावरूनच सुरू करायचं असतं," हे ते मला शिकवतात. दुकानदाराला घासून घासून आपल्या भावावर आणतात आणि तो हो म्हणाला की, "पुढे बघून येतो." संध्याकाळी तेच लोक मॉलमध्ये चिठ्ठीवरची किंमत निमूट मोजतात. आईच्या पाटीसमोरही असलीच माणसं उकिडवी बसायची. आता मी तोंडावर सांगते, असं करायचं असेल तर माझ्याबरोबर येऊ नका.

त्याच सूकमध्ये सालेमचाचांचं खजूर-मनुकांचं दुकान आहे. हिंदीत भांडतात. "लूटने आई है क्या?" मीही ऐकत नाही. सौदा तुटतो, जुळतो, तराजू खाली येतो आणि मग ते न मोजता एक मूठ वर टाकतात. पहिल्यांदा टाकली तेव्हा मला दुकानात उभं राहवेना. आई माप भरल्यावर अशीच मूठ टाकायची.

आई गेली. तिच्या दवापाण्यात मी काही कमी पडू दिलं नाही, हे अख्ख्या एडवणला माहीत आहे. वर्षश्राद्धाला आले, तेव्हा मुद्दाम सफाळ्याच्या बाजारात गेले. मावशी होती. शेजारची आईची जागा रिकामी होती.

"काय मावशी, जवळा कसा लावलास?"

तिने भाव सांगितला. मी निम्मा केला, धक्क्यावर माल घेताना आई करायची तसाच. आता मावशी डाफरणार, "तुझ्या बापाची खाडी हाय काय गो?" मी त्याचीच वाट बघत होते.

"घ्या तेवढ्याला," ती म्हणाली.

भाव माझ्याच तोंडून गेला होता. घ्यावं लागलं. तिने माप भरलं, हाताने वरून सपाट केलं, नव्या कोऱ्या पिशवीत बांधून दिलं.

"मावशी, वर घाल ना गो."

"वर रोजच्या मानसाला घालतात. तुमी पावन्या." आणि ती मागच्या बाईकडे वळली. तिच्याशी मात्र ती कडाकडा भांडली. हसत हसत.

तुम्ही जे मागे राहिलात, त्यांना एवढंच सांगते: पाहुणी व्हायला मी गेले नव्हते. आणि जे माझ्यासारखे गेलात, ते गावी आलात की बाजारात एकदा भाव करून बघा. कोणी भांडलं तर समजा, घर अजून आहे.

मस्कतला परत आल्यावर सालेमचाचांकडे गेले. भांडलो. त्यांनी मूठ टाकली. मी पिशवीचं तोंड उघडं धरून उभी राहिले. ही मूठ मला सफाळ्यात हवी होती.